पाचानंतर सात

झुंबरबाईंना पोचवून आल्यावर कुसुमबाईंनी डोक्यावरून पाणी घेतलं, ओले केस तसेच बांधले आणि जाऊन अंगणवाडीचं कुलूप उघडलं. पंचवीस मिनिटं उशीर झाला होता. मुलं पायरीवर बसून वाट बघत होती.

"मावशी कुठंय?" एकाने विचारलं.

"आली नाही," बाई म्हणाल्या आणि मोबाईल काढून हजेरी भरू लागल्या.

मखमलाबादच्या पुढे कालव्याच्या कडेकडेने गेलं की द्राक्षबागांच्या मधे एक वस्ती लागते. पन्नास-साठ घरं, एक पिठाची गिरणी आणि समाजमंदिराला लागून असलेली ही एक खोली. कुसुमबाई तिथल्या सेविका. सत्तावीस वर्षं झाली. त्यातली एकोणीस वर्षं झुंबरबाई त्यांच्या मदतनीस होत्या. मुलांना घरून गोळा करून आणायचं, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, चड्ड्या बदलायच्या, ही झुंबरबाईंची कामं. शिकवणं, वजनं, रजिस्टरं आणि अलीकडे मोबाईलवरचं सगळं, ही कुसुमबाईंची. एकोणीस वर्षांत एकीने दुसरीला कधी अगं-तुगं केलं नाही. रोज दुपारी मुलं गेली की दोघी खोलीच्या दारात बसून डबा खायच्या. झुंबरबाईंच्या डब्यात ठेचा असायचा, तो कुसुमबाईंना सोसायचा नाही, तरी त्या खायच्या आणि मग डोळे पुसत पाणी प्यायच्या. घरी सोमनाथरावांशी, म्हणजे नवऱ्याशी, जेवढं बोलणं व्हायचं त्याच्या चौपट इथं व्हायचं.

त्या ऑगस्टमधल्या संध्याकाळी झुंबरबाईंनी घरी चहाला आधण ठेवलं आणि ओट्याला टेकून खाली बसल्या. आधण आटून भांडं करपलं, तेव्हा त्यांच्या नवऱ्याच्या, भिकनच्या, लक्षात आलं.

दहा दिवस त्यांच्या दारात माणसं येत होती. कुसुमबाईही रोज जाऊन बाजूला बसायच्या. मुली, सुना, जावा एकमेकींच्या गळ्यात पडून रडायच्या. कुणीतरी पाहुणी विचारायची, "ह्या कोण?" कुणीतरी सांगायचं, "अंगनवाडीच्या बाई हायेत." मग पाहुणी मान हलवायची आणि कुणीतरी चहाचा कप बाईंच्या हातात द्यायचं. कुसुमबाईंच्या गळ्यात कुणी पडलं नाही. पडायचं कारणही नव्हतं. सोमनाथराव एवढंच म्हणाले, "चांगली बाई होती. आता दुसरी कधी देणार ऑफिसवाले?"

दुसरी सतरा दिवसांनी आली. स्नेहल नाव. चोवीस वर्षांची, लग्न होऊन वस्तीत आलेली, बारावी झालेली आणि बाईंना घाबरणारी. तोवरचे सतरा दिवस कुसुमबाईंनीच मुलं आणली, तांदूळ निवडले, लापशी ढवळली, खरकटं काढलं आणि त्याच हातांनी शिकवलं. वरिष्ठांकडे एकही तक्रार गेली नाही. गरम आहाराचा फोटो रोज अकराच्या आत अपलोड व्हायचा. वजनं वेळेवर व्हायची. पुढे डिसेंबरात पर्यवेक्षिका गायधनी मॅडम तपासणीला आल्या, तेव्हा रजिस्टरं चाळून म्हणाल्या, "कुसुमताई, सगळ्या सर्कलमध्ये तुमच्याइतकं नीट काम कुणाचं नाही." बाईंनी "हो मॅडम" म्हटलं.

आतून त्यांना काहीच वाटत नव्हतं. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता, भूकही लागत नव्हती. वेळ झाली की त्या जेवायच्या. पायात मुंग्या आल्यावर पाय असतो पण आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. आणि मुंग्यांना निदान टोचणं असतं. इथं तेही नव्हतं.

अंगणवाडीत एक पुस्तक होतं. भिकन रद्दीचा धंदा करायचा. एका ढिगातून झुंबरबाईंनी ते उचलून आणलं होतं, दहा-बारा वर्षांपूर्वी. कव्हर गेलेलं, त्यामुळे नाव कुणालाच माहीत नाही. सगळे त्याला कुत्र्यांचं पुस्तक म्हणायचे. पान उलटलं की समोरच्या दोन्ही पानांवर मिळून एक चित्र आणि एक आकडा. एकच्या चित्रात एक कुत्रा रस्त्यात आडवा झोपलेला आणि त्याच्यापुढे एसटी, तीन ट्रक, एक वरातीचा घोडा, सगळे खोळंबलेले. दोनच्या चित्रात दोन कुत्रे एका पायजम्याला दोन बाजूंनी ओढत होते आणि पायजम्यात एक गृहस्थ होते. चार कुत्रे पंगतीत ओळीने बसून वाढप्याकडे बघत होते. नऊ कुत्रे एका मांजरीला घाबरून झाडावर चढले होते. दहाच्या चित्रात दहा कुत्रे भजनी मंडळासमोर बसून माना वर करून सूर लावत होते आणि बुवांनी कानावर हात ठेवले होते.

झुंबरबाईंना वाचता येत नव्हतं. पण हे पुस्तक त्या बाईंच्या हातातून काढून घ्यायच्या. "तुमी नुसतं मोजता बाई. आन इकडं." मग एसटीच्या ड्रायव्हरसारख्या त्या कुत्र्याला शिव्या द्यायच्या, मुलांपुढे चालतील अशा. पायजम्यातल्या गृहस्थाचं ओरडणं काढायच्या. दहाला आल्या की स्वतः मान वर करून असा सूर लावायच्या की गिरणीतली माणसं बाहेर येऊन बघायची. मुलं हसून हसून आडवी व्हायची, एखाद्याची चड्डी ओली व्हायची, आणि ती बदलायलाही झुंबरबाईच.

त्या गेल्यावर पुस्तक पुन्हा कुसुमबाईंकडे आलं. रोज साडेअकराला त्या ते उघडायच्या, मुलांकडे धरायच्या, आकडा म्हणायच्या, मुलं मागून म्हणायची, पान उलटायचं. दहा झाले की पुस्तक कपाटात.

असे सात महिने गेले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगुणाबाई आल्या. मळ्यातल्या सगुणाबाई, साठी ओलांडलेल्या, त्यांचा नातू सार्थक अंगणवाडीत यायचा. नातवाला मनगटाला धरून त्यांनी खोलीत आणला.

"बाई, तुमी ह्याला काय शिकिवलंय?"

"काय झालं?"

"काल राती सांगतो कसा, आजे, मला अकरा बोटं हायेत. मी म्हनलं, मेल्या, दहाच असत्यात मान्साला. तर म्हनतो, मोज. म्या मोजली, दहा. त्यानं मोजली, अकरा. चार बारी मोजली. ह्याचा बा पन बसला मोजायला. लय हसलो आमी. पन आता त्यो ऐकतच नाय. गल्लीभर सांगत सुटलाय."

"सार्थक," बाई म्हणाल्या, "मोज बरं."

सार्थकने हात पुढे केले. उजव्या हाताच्या बोटाने डाव्या हाताची बोटं मोजली. "एक, दोन, तीन, चार, पाच." मग डाव्याने उजव्याची. "सात, आठ, नऊ, दहा..." करंगळी राहिली होती. तिच्याकडे बोट दाखवून तो अभिमानाने म्हणाला, "अकरा!"

"बगा!" सगुणाबाई म्हणाल्या. "मी म्हनलं, सहा कुठं गेला रं? तर मलाच इचारतो, सहा म्हंजे काय."

स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून स्नेहल फिसकन हसली आणि बाईंकडे बघून गप्प झाली.

कुसुमबाईंनी सगुणाबाईंना "बघते मी" म्हणून वाटेला लावलं. मग कपाटातून पुस्तक काढलं, मुलांना गोल बसवलं आणि रोजच्यासारखं उघडलं. "एक," त्या म्हणाल्या. "एक!" मुलं म्हणाली. दोन. तीन. चार. पाच. पान उलटलं.

"सात," असं कुणीतरी म्हणालं. मुलं मागून "सात!" म्हणाली.

ते म्हणणाऱ्या त्याच होत्या. आज कान देऊन ऐकत होत्या म्हणून कळलं. मुद्दाम लक्ष ठेवून बसल्या होत्या, तरी तोंडाने सवयीने सात म्हटलं होतं.

त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं. पाचानंतरचं पान जाड लागत होतं. बोटांनी चाचपलं. दोन पानं एकमेकांना चिकटली होती, चारी कडांनी, मधे फटसुद्धा नाही. कडेला पिवळट, वाळलेलं काहीतरी. त्यांनी नखाने खरवडून वास घेतला. गूळ. लापशी. म्हणजे त्या सतरा दिवसांतली. म्हणजे त्यांच्याच हाताची.

अठरा मुलं त्यांच्याकडे बघत होती. त्यातली सतरा "आठ" म्हणायला तोंड उघडून बसली होती. अठरावी आरोही. साडेचार वर्षांची, दाराजवळ उंबऱ्याला पाठ लावून बसलेली, ओठ घट्ट मिटलेली. बाईंना आठवलं, ही पूर्वी पुढे बसायची. सगळ्यांच्या आधी ओरडायची. दाराजवळ कधीपासून बसते?

मग तेही आठवलं. दिवाळीनंतर कधीतरी मोजताना ती उभी राहिली होती. "बाई, सहा राहिले." आणि आपण पुस्तक तिच्यापुढे धरून म्हणालो होतो, "आहे का यात सहा? दिसतोय कुठे? मग बस खाली." दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा म्हटलं होतं. आपण तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. त्यानंतर ती मोजायला बसली नाही. हजेरीत मात्र रोज होती.

मुलं गेल्यावर बाई डबा न खाताच निघाल्या. आरोहीची आई तेजश्री द्राक्षांच्या पॅकिंगला जायची, पण हंगाम संपत आल्यामुळे त्या दिवशी लवकर घरी आली होती. पत्र्याच्या खोलीबाहेर बसून भांडी घासत होती. बाईंना बघून हात धुऊन उठली.

"बसा ना बाई. काय केलं आमच्या आरोहीनं?"

"तिने काही नाही केलं. मी केलं."

आरोही आत चटईवर पडून चिंध्यांची बाहुली झोपवत होती. बाई उंबऱ्यातच खाली बसल्या.

"आरोही, पाचानंतर काय येतं?"

आरोहीने आईकडे पाहिलं. मग हळू म्हणाली, "सहा."

"बरोबर आहे तुझं. तेव्हाही बरोबर होतं. मी चुकले होते."

"मला माहितीये," आरोही म्हणाली.

"मग पुन्हा का नाही सांगितलंस मला?"

"आई म्हणाली, बाईंना नको त्रास देऊ. त्यांना सध्या ऐकायला येत नाही."

"अगं!" तेजश्री एकदम लाजली. "तसं नाय बाई. ही घरी येऊन रडली होती. तेव्हा मी म्हनलं, बाईंची झुंबरमावशी गेली ना, बाईंचं मन थाऱ्यावर नाय, थोडे दिवस काय बोलू नको. आनखी काय सांगनार लेकराला?"

कुसुमबाई तिच्याकडे बघत राहिल्या. सात महिन्यांत हे वाक्य कुणीही म्हटलं नव्हतं. नवऱ्याने नाही, बहिणीने नाही, मॅडमनी नाही. बाईंची झुंबरमावशी. आता आपल्याला भरून यायला हवं, असं त्यांना वाटलं. त्यांनी क्षणभर वाट पाहिली. काही आलं नाही. वाईट वाटायला हवं एवढं कळलं, वाटलं नाही.

"उद्या ती पानं सोडवायची आहेत," त्या आरोहीला म्हणाल्या. "तू पुढे बस."

आरोहीने विचार केला. "बघते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पुढे बसली. स्नेहलने खिचडीच्या पातेल्यावरचं झाकण बाजूला केलं आणि बाईंनी पुस्तक वाफेवर धरलं. "जास्त नका धरू बाई, रंग फुटेल," स्नेहल म्हणाली. मग दोघींनी मिळून, एकीने पान ताणून आणि दुसरीने उलथन्याची कड घालून, हळूहळू ती सोडवली. एका जागी टर्रकन आवाज झाला.

सहाचं चित्र उघडलं. केस कापायच्या दुकानात सहा कुत्रे बाकावर ओळीने बसून आपला नंबर यायची वाट बघत होते. पहिला पेपर वाचत होता, उलटा धरून. दुसरा आरशात दात बघत होता. तिसऱ्याच्या गळ्यात फडकं. झुंबरबाई या पानाला डोक्यावर पदर आवळून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "दाढी लय बारीक नको करू दादा, मालक वळखनार नाय." बाईंना ते शब्द आठवले, आवाज आठवला नाही. सहाव्या कुत्र्याचं डोकं समोरच्या पानाला चिकटून फाटलं होतं. उरलं होतं ते धड आणि शेपूट.

"पाच आणि अर्धा," एक मुलगा म्हणाला.

"ह्याला मुंडकंच नाय!" दुसरा ओरडला आणि सगळी जवळ सरकली.

"आरोही," बाई म्हणाल्या, "तू काढतेस?"

फाटल्या जागी पांढऱ्या कागदाचा तुकडा खळीने चिकटवला. आरोही जीभ बाहेर काढून बराच वेळ काढत बसली. कान मोठे झाले, मग कानांना पुरेल असं तोंड करावं लागलं, आणि शेवटी खाली थोडी दाढी आली, कारण दुकान दाढीचं होतं. ती उठली तेव्हा बाकावर पाच कुत्रे आणि एक बोकड बसला होता.

मुलांची हसून पुरेवाट झाली. सार्थक तर पोट धरून चटईवर लोळला. स्नेहल तोंडाला ओढणी लावून भिंतीकडे वळली. आरोही आधी रागावली, मग तीही हसायला लागली. कुसुमबाई बघत होत्या. चित्र विनोदी आहे हे त्यांना कळत होतं. एखाद्या दुकानाबाहेर उभं राहून काचेतून आतली मिठाई बघावी, तसं ते सगळं दिसत होतं.

"आता मोजा," त्या म्हणाल्या.

सोपं नव्हतं. सात महिन्यांची सवय. काही मुलं पाचानंतर दोनदा सहा म्हणायची, मागची बाकी फेडल्यासारखी. काही सात म्हणून मोकळी व्हायची आणि मग मागे येऊन सहा घेऊन जायची. सार्थकला सहा मान्यच नव्हता, कारण त्याने त्याचं अकरावं बोट जात होतं. तो दोन दिवस रुसून बसला. बाईंनी रोज प्रत्येकाला वेगळं बसवून बोटं मोजून घेतली. तीन आठवडे लागले. सगुणाबाई मधेच एकदा डोकावून गेल्या. "दहा झाली वो बाई," म्हणाल्या, "पन तोंड उतरलंय बगा त्याचं."

एप्रिलच्या शेवटी बाई सर्कलच्या मीटिंगला गेल्या. मीटिंग संपल्यावर गायधनी मॅडमच्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

"मॅडम, मला चार दिवस रजा हवी."

मॅडमनी वर पाहिलं. कुसुमताई रजा मागतात हेच नवीन होतं. "घरी काही आहे का?"

"नाही. आमच्या झुंबरबाई गेल्या."

"अहो, त्याला आता..." मॅडमनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मधेच थांबल्या. थोडा वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिल्या. "तेव्हा नव्हती घेतली तुम्ही?"

"नाही."

"आणि मुलांचं एक सांगायचंय," बाई म्हणाल्या, आणि सहाची सगळी हकीकत त्यांनी जशी घडली तशी सांगितली, लापशीसकट, आरोहीसकट. काही लपवलं नाही. मॅडम हसतील किंवा चिडतील असं त्यांना वाटलं होतं. मॅडमनी अर्ज पुढे ओढला आणि सही केली.

"कारणाच्या रकान्यात काय लिहू? नातं विचारतात."

"तुम्हाला वाटेल ते लिहा," कुसुमबाई म्हणाल्या. मॅडमनी 'घरगुती' लिहिलं.

त्या मनमाडला बहिणीकडे गेल्या. बहिणीला वाटलं, भांडून आली असेल. दोनदा आडून विचारून झालं. बाई चार दिवस झोपल्या. सकाळी उठून चहा प्यायच्या आणि पुन्हा झोपायच्या, दुपारी जेवून झोपायच्या. रेल्वेगाड्यांचे भोंगे झोपेतही ऐकू यायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी जाग आली तेव्हा उशी ओली होती. घाम होता की काय, हे त्यांना सांगता आलं नसतं. पंखा चालू होता. त्यांनी उशी उलटी केली आणि पुन्हा डोळे मिटले.

पाचव्या दिवशी त्या कामावर आल्या. स्नेहलने चार दिवस सगळं नीट सांभाळलं होतं, फोटोसुद्धा वेळेवर टाकले होते. मुलं जेवून गेली. दोघी दारात बसल्या. झुंबरबाई गेल्यापासून बाई आपला डबा आत खुर्चीवर बसून खायच्या, त्या दिवशी का कोण जाणे, बाहेर येऊन बसल्या. पातेल्यात थोडी खिचडी उरली होती. स्नेहलने ती दोन ताटल्यांत घेतली. बाईंनी एक घास खाल्ला आणि थांबल्या.

"स्नेहल, खारट झालीय गं खिचडी."

स्नेहल घाबरली. "खारट? नाही हो बाई. रोजच्याएवढंच मीठ घातलंय."

"रोज एवढं घालतेस?"

"हो. आल्यापासून." ती हळूच म्हणाली, "मुलं लय पाणी पितात खरी. मला वाटलं उन्हाचं असेल. बाई, तुम्ही रोज चव घेऊन 'बरंय' म्हणायचात ना."

"म्हणायचे," कुसुमबाई म्हणाल्या. त्यांनी आणखी एक घास खाल्ला. खारटच होती, चांगली जीभ आकसण्याइतकी. "उद्यापासून अर्धा चमचा कमी घाल. आणि पाण्याचा तांब्या दे इकडे."

स्नेहलने तांब्या पुढे सरकवला. बाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी ताटलीतली खिचडी संपवली.